भाडेपावती : एक उपेक्षित साधन

सनदा, महजर, वतनपत्रें व निवाडपत्रें यांचा संग्रह करण्यांत आमच्या संशोधकांनीं कसूर ठेविली नाहीं. परंतु मुंबईच्या उपनगरांत भाड्याच्या घरीं राहिलेल्या मध्यमवर्गाचा इतिहास ज्या कागदांत सांपडावयाचा, ते कागद रोज रद्दींत जात आहेत. हे कागद म्हणजे घरभाड्याच्या पावत्या होत. त्यांचें मोल काय व त्या कशा वाचाव्या, हें पार्ल्याकडे दृष्टि ठेवून आम्ही थोडक्यांत मांडतों.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला व दाटीच्या वस्तींतून लोक बाहेर पडूं लागले. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या हातून दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या गेल्या. त्यापलीकडे साष्टींत वस्ती वाढली ती आगगाडीच्या आधारानें. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला, १९२१ सालीं पार्ल्यास टिळक विद्यालय निघालें, आणि १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावूं लागली. कचेरी शहरांत व बिऱ्हाड उपनगरांत, हा क्रम येणेंप्रमाणें रूढ झाला.

या काळच्या पावतीचें परीक्षण तीन अंगांनीं करावें. पहिलें अंग तिकिटाचें. १८९९ च्या मुद्रांक कायद्यान्वयें २० रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीस एक आण्याचें तिकीट लागे. सबब जुन्या पावतीवर तिकीट नाहीं एवढ्यावरून ती बनावट ठरवूं नये. भाडेंच लहान असेल.

दुसरें अंग रकमेचें. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण धरिलें. त्यामुळें पुढें अनेक वर्षें आंकडा जवळजवळ तोच दिसतो. त्यावरून घराची खरी किंमत ठरवूं जाणारा फसेल. त्याच कायद्यानें मालकानें पागडी घेणें गुन्हा ठरविलें, म्हणून ती पावतींत येणें शक्यच नव्हतें. कागद मुका आहे, एवढ्यावरून व्यवहार झाला नाहीं असें अनुमान काढतां येत नाहीं. १९९९ चा कायदा अमलांत आल्यावर पागडीस कायद्याची मान्यता मिळाली.

तिसरें अंग नांवाचें. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे हक्क जाई. पण पावती कित्येकदां मृताच्याच नांवें निघत राही. तेव्हां पावतीवरील नांव म्हणजे घरांत नांदणारा मनुष्य, असें धरून वंशावळ लावूं नये. तारीख फाटली असल्यास इतर खुणा पाहाव्या : आणे-पै जाऊन नये पैसे आले ते १ एप्रिल १९५७ पासून, व पार्ले मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलें तें १९५० सालीं.

आज जुन्या इमारती पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहत आहेत. नव्या इमारतींत जागा मिळावी म्हणून भाडेकरू हाच पावत्यांचा गठ्ठा पुराव्यादाखल जिवापाड जपतो, आणि जागेचा ताबा मिळतांच तोच गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. या दोन क्षणांमधील अवधि तोच संग्राहकाचा. मात्र हक्काचा निकाल लागेपर्यंत मूळ कागद भाडेकरूच्या हातून काढूं नये. छायाचित्रावर समाधान मानावें. पुढें मूळ गठ्ठा मिळाल्यास तो सुटा न करतां, क्रम न मोडतां, मालकाकडील स्थळप्रतींसह ठेवावा. एकटी पावती फारसें बोलत नाहीं. चाळीस वर्षांच्या पावत्या एकत्र असल्या म्हणजे एका बिऱ्हाडाची बखर होते.