गोपुरी संडासाचं कूळ

पुण्याच्या उसाने शहराचा मैला एकोणिसाव्या शतकातच पचवला होता. मुठेचा कालवा आला, त्याच्यामागून ऊस आला, आणि उसाची भूक शेणखतावर भागेना. नगरपालिका पाटीच्या संडासांतला मैला गावाबाहेर नेऊन राखेत कालवून वाळवायची. हे सोनखत. आधी नाकं मुरडणारे बागाइतदार पीक पाहिल्यावर पैसे मोजून गाड्या भरून नेऊ लागले. हिंदुस्थानची शेती पाहायला आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. व्होलकर यांनी 1893च्या अहवालात त्याची दखल घेतली. उसाला, गुळाला विटाळ लागत नव्हता. तो पाटी उचलणाऱ्यापाशीच थांबत होता. सोनखताचे गोडवे गाणारे हे सहसा सांगत नाहीत.

या कुळाची दुसरी शाखा थेट लंडनची. जॉर्ज व्हिव्हियन पूर नावाच्या डॉक्टरांनी ग्रामीण आरोग्यावर 1893मध्येच पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : मैला पाण्यात सोडू नका, खोलही पुरू नका. जमिनीच्या वरच्या थरात सूक्ष्म जिवांची वस्ती असते, तिथेच त्याची माती होते. गांधीजी पूर यांचाच हवाला देऊन सांगत, मैला नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल पुरू नये. आश्रमांतले चराचे संडास या विचारातून आले.

कोकणातल्या पावसात मात्र चर म्हणजे डबकं. तिथे या विचाराची गाठ पडली सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांच्याशी, म्हणजे अप्पांशी. ‘कोकणचे गांधी’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली, पण तिच्यात त्यांचा हट्टीपणा झाकला जातो. 1932मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. ते काम त्यांच्या जातीचं नाही म्हणून सरकारने नाकारलं. अप्पांनी अन्न तोडलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपवास मांडला, तेव्हा कुठे सरकार हललं.

पण उच्चवर्णीयाने हातात झाडू घेतला म्हणजे झालं, एवढ्यावर अप्पा थांबले नाहीत. कामच असं करायचं की त्याला वेगळी जात लागूच नये, ही त्यांची ‘भंगीमुक्ती’. कणकवलीत 1948मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम काढला. मेलेली जनावरं सोलण्यापासूनची सगळी ‘हलकी’ कामं तिथे होत. गोपुरी संडास तिथलाच.

त्याची रचना सांगायला दोन वाक्यं पुरतात. शेजारी शेजारी दोन टाक्या, मागून दार. एक वापरात असताना दुसरी बंद. रोज वरून पालापाचोळा, राख, माती टाकायची. खरं काम पाल्याचं. एका माणसाच्या वर्षभराच्या मलमूत्रात साधारण 4 ते 5 किलो नत्र असतं, त्यातला मोठा वाटा मूत्रातला. उघड्यावर वाळवलं की त्यातलं पुष्कळसं अमोनिया होऊन उडून जातं. उग्र वास येतो तो त्याचाच. पाला ते धरून ठेवतो, ओल शोषतो, कुजवणाऱ्या जिवांना खाद्य देतो. उरलेलं काम बंद टाकीतला काळ करतो. रोगजंतू हळूहळू मरतात, सगळ्यांत चिवट जंतांची अंडी. म्हणून घाई चालत नाही. मग घरच्याच माणसाने फावडं घेऊन दार उघडायचं नि खत माडाच्या आळ्यात टाकायचं.

आज दोन खड्ड्यांचा संडास देशभर दिसतो, तो मुख्यतः पाण्याचा. बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’ने 1970पासून तो पसरवला, पुढे स्वच्छ भारत अभियानानेही उचलला. पाल्याची जागा पाण्याने घेतली, ते जमिनीत मुरतं. पण ‘एक भरतो, दुसरा मुरतो’ हा आळीपाळीचा नियम तोच. 2017मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशा मुरलेल्या खड्ड्यात स्वतः उतरले आणि खत काढून दाखवलं. सेप्टिक टँकमध्ये हे जमणारं नाही. तिथे जुन्यावर रोज ताजं पडतं, त्यामुळे तो कधीही उघडा, आत ओला गाळ आणि जीवघेणा वायूच.

गंमत अशी की नव्या बांधकामांत पुष्कळदा गवंडी दोन्ही खड्डे एकाच नळाने एकापुढे एक जोडून देतो. मालकालाही वाटतं, दुप्पट दिवस चालेल. पहिल्याचं ओसंडलेलं दुसऱ्यात जातं, एकालाही विश्रांती मिळत नाही. काही वर्षांनी दोन्ही भरले की मालक ते उपसायला माणूस शोधू लागतो, आणि कोणत्या वस्तीत शोधायचं हे त्याला विचारावं लागत नाही.