पाच विकलांचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्टन या इंग्रज मोजणीदाराचे थडगे आहे. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी त्यास तेथे मृत्यू आला. १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला होता. ती एक रेषा मोजावयास ५७ दिवस लागले. पुढचे काम कोनांचे. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यावयाचे, त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढावयाच्या आणि त्यांतील एक पुढील त्रिकोणाचा पाया धरावयाची. अर्थात पहिल्या त्रिकोणातली चूक वारशाने शेवटच्या त्रिकोणापर्यंत जाते. १८०८ साली तंजावरास देवळाच्या गोपुरावर चढविताना अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट भिंतीवर आदळला, तेव्हा लॅम्टनने सुमारे सहा आठवडे तंबूत बसून त्याचे वाकलेले वर्तुळ आपल्या हातांनी सरळ केले, ते याच भयाने.

त्याच्यामागून आलेला जॉर्ज एव्हरेस्ट तर अधिकच काटेकोर. देहरादूनची आधाररेषा त्याने प्रत्यक्ष मोजली, आणि सिरोंजकडून त्रिकोणांच्या मालिकेने आलेल्या तिच्या लांबीशी ताडून पाहिली. सुमारे चारशे मैलांचा प्रवास करून आलेल्या त्या आकड्यात फरक निघाला तो जेमतेम ७ इंचांचा!

अशा माणसापुढे एक कोडे उभे राहिले. सिरोंजजवळील कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेचे कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील अंतर त्रिकोणांवरून ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला येई; ताऱ्यांच्या वेधांवरून ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे सव्वापाचशे फुटांचा. एव्हरेस्टने तो मोजणीतील दोष मानला आणि सर्व मालिकेवर वाटून टाकला. हिशेबनिसाने न जुळणारी बाकी निरनिराळ्या खात्यांवर थोडी थोडी टाकावी, तसेच हे झाले. पण ज्या मालिकेत ७ इंचांचा फरक पडतो, तीत सव्वापाचशे फूट कोठून यावेत?

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक असले तरी केंब्रिजचे गणिती होते. त्यांनी दोष त्रिकोणांत न शोधता ओळंब्यात शोधला. ताऱ्याची उंची मोजावयाची तर खस्वस्तिक ठाऊक हवे, आणि ते सांगणार ओळंबा. कलियाना हिमालयास जवळ. तेथे पर्वताचे वस्तुमान ओळंब्यास किंचित उत्तरेकडे ओढणार आणि वेधाचा अक्षांश तितका कमी येणार. (ज्या पर्वतराजीतील सर्वोच्च शिखरास १८६५ साली एव्हरेस्टचे नाव मिळाले, तिनेच त्याचा हिशेब चुकवावा हे गमतीचेच!) प्रॅट यांनी हे आकर्षण गणिताने काढले. परंतु उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे हव्या त्याच्या तिप्पट. त्यांनी आकडा दडपला नाही, ताणून जुळविलाही नाही. जसा आला तसा रॉयल सोसायटीपुढे ठेवला. माझ्या मते या सर्व कथेतील मोठे कृत्य हेच होय.

कारण १८५५ साली राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना त्या तिपटीचे उत्तर लगोलग सुचले. पाण्यावर ओंडके तरंगत असता जो ओंडका अधिक वर दिसतो तो पाण्याखालीही अधिक खोल असतो. त्याप्रमाणे हिमालयाचे हलके मूळ खालच्या जड द्रव्यात खोल बुडालेले असावे. वर जितके वस्तुमान अधिक, तितकेच खाली उणे, आणि म्हणून ओढ अपेक्षेहून कमी. प्रॅट यांना हे पटले नाही. १८५९ साली त्यांनी, पर्वताखालील द्रव्यच मैदानाखालील द्रव्याहून विरळ असते, अशी निराळी उपपत्ती मांडली. ओळंब्यावरून या दोहोंत निवड करणे कठीण होते. या समतोलास पुढे क्लॅरेन्स डटन यांनी ‘आयसोस्टॅसी’ हे नाव दिले. मराठीत त्यास समस्थायित्व म्हणतात. पुढे विसाव्या शतकात भूकंपलहरींच्या साह्याने भूकवचाची जाडी अजमावता येऊ लागली, तेव्हा ती गंगेच्या मैदानाखाली सुमारे ४० किलोमीटर, तर उंच हिमालय आणि तिबेट यांखाली सुमारे ७० किलोमीटर भरली.