थुंकीतला उजेड

कल्याणहून बदलापूरमार्गे खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये मलेरियावरचे क्विनीन प्रयोगशाळेत बनवू पाहणाऱ्या विल्यम पर्किन याच्या हाती औषधाऐवजी जांभळा रंग लागला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही; परंतु लोहमार्गामुळे मांजर्लीसारखी उल्हास नदीकाठची गावे मुंबईच्या गिरण्यांशी, दाट वस्तीशी आणि अर्थातच तेथील रोगांशी जोडली गेली, तर दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या त्या रंगांच्या कुळाने पुढे याच रोगांचे जंतू डोळ्यांना दाखवले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा जंतूंना रंग देण्याची विद्या नवी असली तरी प्रचारात आली होती. प्लेगच्या गाठीतील द्रवात बहुधा एकाच जातीचे जिवाणू असतात आणि रंग दिल्यावर त्यांची दोन्ही टोके गडद दिसतात, त्यामुळे तेथे ओळख तुलनेने सोपी ठरते. क्षयरोग्याच्या थुंकीचे तसे नाही, कारण तोंडातले आणि घशातले नाना जातींचे जिवाणू तीत मिसळलेले असतात. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयजंतू दाखवल्यानंतर लवकरच त्सील आणि नीलसन यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत रूढ झाली: कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ऊब देऊन जंतूंत मुरवायचा आणि मग आम्लाने धुवायचा, म्हणजे मेणचट आवरणामुळे क्षयजंतू लाल राहतो आणि बाकीचे रंग सोडतात. या रीतीचे खरे मर्म रंगवण्यात नसून धुण्यात आहे.

तिची मर्यादा संख्येची होती; एका मिलिलिटर थुंकीत साधारणतः पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते स्लाइडवर सापडत नाहीत. १९३० च्या दशकात ऑरामाइन हा प्रतिदीप्त, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडणारा, रंग वापरात आला आणि काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकणारे जंतू कमी विशालनातही चटकन दिसू लागले. तरीही पाऱ्याचा महागडा, अल्पायुषी दिवा आणि अंधारी खोली यांपायी ही सोय मोठ्या रुग्णालयांपुरती राहिली. एलईडी दिव्यांनी ती अडचण दूर केल्यावर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. दिव्यापायी एवढी दशके जावीत, हे या इतिहासातले सर्वांत खेदजनक प्रकरण म्हणावे लागेल.

ऑरामाइनही आवरणच ओळखतो. जंतू औषधाला दाद देईल का, हे तो सांगू शकत नाही. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे मांडलेल्या ‘मॉलिक्युलर बीकन’ने तो प्रश्न सोडवला. केसांच्या पिनेसारख्या दुमडलेल्या डीएनएच्या तुकड्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला त्याची चमक विझवणारा रेणू असतो. जुळणारा जनुकीय क्रम भेटला की पिन उघडते, दोन्ही टोके दूर जातात आणि रंग चमकतो. या तत्त्वावरील जीनएक्सपर्ट चाचणी, जी सरकारी दवाखान्यांत ‘सीबीनॅट’ म्हणून परिचित आहे, थुंकीतला क्षयजंतू आणि रिफॅम्पिसिन या औषधाला असलेला त्याचा प्रतिरोध दोन तासांच्या आत दाखवते. डिसेंबर २०१० मध्ये तिला जागतिक मान्यता मिळाली आणि वर्षभरातच माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवल्याने अशा चाचणीची निकड मुंबईत तीव्रतेने जाणवली. पुढे गोव्यातील मोलबायो या कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र २०२० मध्ये जागतिक शिफारशीस पात्र ठरले. तेही प्रतिदीप्त रंगाच्या खुणेवरच जंतूचे जनुक ओळखते.

मात्र मेलेल्या जंतूचा डीएनएही असाच चमकतो, त्यामुळे उपचाराचा गुण येत आहे की नाही हे पाहण्यासाठी ही यंत्रे उपयोगी पडत नाहीत आणि त्या कामाला आजही थुंकीची स्लाइड व जंतूंची वाढ करून पाहणारी कल्चर चाचणीच लागते.