खुबा आणि तारीख

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या इतिहासात वारली आदिवासींच्या श्रमाचे हिशेब पुष्कळ सापडतात. त्या श्रमाने झिजलेल्या देहाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नाच्या कर्जापायी राबवणारी लग्नगडीची प्रथा झुगारण्याचा त्यांनी निर्धार केला. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला, तेव्हा पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये ही त्यांची मागणी होती. एवढे गवत उकिडवे बसून विळ्याने कापताना गुडघ्यांनी आणि खुब्यांनी काय सोसले असेल! पुढे सावकाराची वेठ संपली, वीटभट्ट्या आल्या, परंतु सांध्यांवरचा भार उतरला नाही.

त्यात या आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक विकार. वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा रोखतात, हाड मृत होऊन ढासळते, आणि ऐन पंचविशीतला माणूस काठी टेकीत चालू लागतो. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी १९६२ साली कृत्रिम खुबा यशस्वी केला खरा. पण येथल्या रुग्णाला त्यासाठी मुंबईच गाठावी लागे, आणि मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडला आली ती २०१३ साली. तलासरीला तर रेल्वे स्थानकच नाही. शासकीय आरोग्ययोजनांनी पैशाचा अडसर काहीसा दूर केला; शस्त्रक्रियेच्या तारखेचा राहिला. सिकलसेलच्या रुग्णाला रक्ताची तजवीज आणि निष्णात भूलतज्ज्ञ लागतो, म्हणून लहान इस्पितळ त्याला पुढे धाडते.

तोवर मांडीचे स्नायू सुकतात, सांधा आखडतो, पाय आखूड पडतो, आणि लंगडण्याचा ताण दुसऱ्या गुडघ्यावर व कमरेवर येतो. विलंबाने शस्त्रक्रिया झाली तरी गेलेले बळ सगळे परतत नाही. वीटभट्टीची आगाऊ उचल जोडप्याला मिळते. त्यातला एक उठू शकत नसेल तर घराचा हंगामच बुडतो, आणि त्याच्या जागी शाळेतले पोर कामाला जाते.

डहाणू-तलासरी ज्यात येतात तो पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. ही शस्त्रक्रिया जिल्ह्यातच, रक्तपेढीसह, झाली पाहिजे. आणि तारखा केवळ नोंदणीच्या अनुक्रमाने न देता, ज्याचे पोट त्या खुब्यावर अवलंबून आहे त्याला अगोदर बोलावले पाहिजे.