नाताळसाठी बिस्किटांचे लाडू

नाताळच्या ताटात नेवऱ्या व दोदोल यांच्या जोडीला भट्टीविना होणारे चॉकलेटचे लाडूही शोभतात. जुहूलगतच्या विलेपार्ले येथे १९२९ साली सुरू झालेल्या पार्ले कारखान्यातील उत्पादन २०१६ मध्ये थांबले. तेथे बनणाऱ्या ग्लुकोज बिस्किटांचीच आम्ही येथे निवड केली आहे.

२०० ग्रॅम बिस्किटांची बारीक पूड करून तीत दोन मोठे चमचे कोको चाळून घालावा. सुमारे १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क थोडे थोडे घालीत मळावे. पाणी घालू नये. लहान लिंबाएवढे गोळे वळून खोबऱ्याच्या सुक्या किसात घोळवावेत व दोन तास फ्रिजमध्ये ठेवावेत.

अंडे व मद्य नसल्यामुळे हे लाडू शाकाहारी शेजाऱ्यांकडेही निःसंकोच पाठविता येतात. घरी ओव्हन नाही म्हणून नाताळचे ताट पाठविण्याचा आनंद कोणीही गमावू नये, असे आम्हांस वाटते.