आजोबांच्या चाकूची मूठ

दिवाळीआधी घर आवरताना आजोबांचा घडीचा चाकू सापडला. पात्यावर ‘शेफील्ड’ अशी पुसट अक्षरं, मुठीला दोन्ही बाजूंनी तपकिरी, खडबडीत पट्ट्या. त्यातली एक तडकलेली. ही मूठ सांबरशिंगाची, असं लहानपणापासून ऐकत आलोय. आजी देवापुढची फळं याच चाकूने चिरायची. सांबरशिंग तर तिच्या सहाणेपाशी असायचंच, छातीत दुखलं की उगाळून लावायला. त्यामुळे विटाळाचा प्रश्नच नव्हता.

म्हटलं, पट्टी बदलून घेऊ. आणि मग नेहमीप्रमाणे अख्खा शनिवार-रविवार वाचण्यात गेला.

शेफील्डच्या चाकूवाल्यांना सांबरशिंग फार आवडायचं, आणि ते जायचं आपल्याकडून! सांबराची शिंगं ठरावीक काळाने गळतात. जंगलात पडलेली गोळा करायची आणि बोटीने पाठवायची. हे शिंग चांगलं भरीव, आतला स्पंजासारखा गाभा कमी, म्हणून पट्ट्या छान निघतात. वरची खडबडीत साल तशीच ठेवली की ओल्या हातातूनही मूठ सटकत नाही. श्रीमंतांसाठी हस्तिदंत आणि शिंपला होताच. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने ७५ पात्यांचा चाकू मांडला होता, त्याची मूठ कोरलेल्या शिंपल्याची. तो खिशात कसा घालायचा हे विचारायचं नाही.

पण सगळ्यांनाच शिंग कुठून परवडणार? मग नक्कल. गुरांच्या नळीचं हाड उकळून साफ करायचं, पट्ट्या कापायच्या, त्यांना यंत्रावर खाचा पाडायच्या आणि तपकिरी रंगवायच्या. झालं सांबरशिंग! रंगासाठी पोटॅशियम परमँगनेट चालायचं (हो, तेच, विहिरीत टाकतात ते). म्हणजे हाडाची मूठ तपकिरी का, तर शिंग तपकिरी म्हणून. पुढे हिरवं, लाल हाडही निघालं, पण खाचा मात्र शिंगाच्याच राहिल्या.

१८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइड आलं. त्यात तर हस्तिदंताच्या रेघासुद्धा उतरवायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, आतलं इंप्लिमेंटेशन बदललं. बगही होताच: जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटून ठेवलेलं पातं गंजतं.

या सगळ्यात मला स्विस लोक बरे वाटतात. त्यांच्या सैन्याच्या पहिल्या, १८९१ मध्ये वाटलेल्या चाकूला काळपट ओकचं लाकूड होतं, १९६१ च्या चाकूला चंदेरी ॲल्युमिनियम. आणि दुकानातला तो प्रसिद्ध लालभडक प्लास्टिकचा. तो लाल रंग कुठल्याच प्राण्याचं सोंग घेत नाही.

भारताने शिंगांची निर्यात १९९० च्या दशकाच्या शेवटी बंद केली, त्यामुळे आता बाहेर जुन्या सांबरशिंगी मुठींना भाव आहे. म्हणून उत्सुकतेने भिंग घेऊन बसलो. ओळखायचं कसं, तर हाडावर बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, रक्तवाहिन्यांच्या वाटा. शिवाय यंत्राच्या खाचा एका मापाच्या असतात.

ठिपके होते. खाचाही एका मापाच्या होत्या.

गुराचं हाड! आणि आजीच्या देवघरात, रोज, चाळीस वर्षं.

रविवारी पेठेतल्या एका धारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “साहेब, अशीच दिसणारी प्लास्टिकची बसवतो, ओळखू येणार नाही.” नको म्हटलं. शिसवीची काळी पट्टी बसवून घेतली. दुसरी बाजू होती तशीच ठेवली. दोन्ही काढायला मन होईना.

घरी आलो तर आईने चाकू उलटसुलट करून पाहिला. “ही बाजू छान झाली रे. पण खरं शिंग ते शिंगच,” म्हणाली. मग पेरू चिरला आणि फोडी देवापुढे नेऊन ठेवल्या.

मी काही बोललो नाही.