न पुसणारी खूण : तळेघरच्या हिरड्यापासून मोटारीवरच्या मार्करपर्यंत

१/
मोटारीच्या रंगावर मार्करची रेघ उमटली की घरातले सारे एकच प्रश्न विचारतात, "हे कशाने जाईल?" इतिहासाच्या अभ्यासकाने त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा, "या रेघेखाली काय आहे?" खूण कोणत्या पृष्ठभागावर पडली आहे, हे कळल्याशिवाय ती काढण्याचा उपाय ठरवता येत नाही. मोटारीला हे लागू आहे आणि लेण्यांनाही. आजचा धागा याच विषयावर.

२/
आरंभ तळेघरपासून करू. घोडेगावहून भीमाशंकरला जाताना डिंभे धरण मागे टाकले, की आंबेगाव तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग लागतो. हा हिरड्याचा मुलूख. उन्हाळ्यात कोवळी फळे तोडून, वाळवून विकायची, हा इथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचा जुना आधार आहे. त्या वाळलेल्या फळाला बाळहिरडा म्हणतात. आपल्याला हिरडा आठवतो तो त्रिफळा चूर्णामुळे. शाईच्या इतिहासातही त्याचे स्थान मोठे आहे.

३/
हिरड्यात टॅनिन भरपूर असते. टॅनिनचा काढा आणि लोहाचा क्षार एकत्र आले की काळा रंग तयार होतो. ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू गडद होत जाते. रंग तंतूंच्या आतच तयार होत असल्यामुळे तो पाण्याने धुऊन निघत नाही. युरोपात हेच काम ओक वृक्षावरील गाठींपासून करीत. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथील असंख्य दस्तऐवज अशा शाईने लिहिले गेले.

४/
परंतु या शाईत आम्ल असते. कालांतराने ती कागद खाऊ लागते. युरोपातील अनेक जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके पडली आहेत. ज्या गुणामुळे खूण पक्की झाली, त्याच गुणाने तिने आपला आधार नष्ट केला. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

५/
आपल्या मोडी दफ्तरांची शाई प्रामुख्याने निराळ्या जातीची होती. काजळी आणि डिंक खलून ती करीत आणि बोरूने लिहीत. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन. उन्हाने तो फिका पडत नाही आणि कागदालाही खात नाही. म्हणूनच पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद दोन-अडीच शतकांनंतरही स्वच्छ वाचता येतात. मात्र ही शाई तंतूंत मुरत नाही, डिंकाच्या आधाराने कागदावर बसून राहते. ओला बोट फिरला की डिंक विरघळतो आणि अक्षर पसरते.

६/
मार्करचा खरा पूर्वज याहून वेगळा आहे. तो म्हणजे बिब्बा. परीट गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर ओळखीच्या खुणा करीत, त्या बिब्ब्याच्या रसाने. खूण पक्की व्हावी म्हणून तिच्यावर चुना लावीत. भट्टीच्या उकळत्या पाण्यातही ती टिके. इंग्रजांनी या फळाला नावच 'खूण करण्याचे फळ' अशा अर्थाचे दिले. त्याचा रस हवेत वाळताना घट्ट, पाण्यात न विरघळणाऱ्या राळेसारखा होतो. ओला रस अंगावर उततो, त्यामुळे तो काळजीपूर्वकच हाताळावा लागे.

७/
म्हणजे आपल्याकडे पूर्वीपासून खुणांचे तीन प्रकार होते. पृष्ठभागावर बसणारी खूण काजळीची. तंतूंत शिरून रासायनिक बदल घडवणारी हिरडा आणि लोह यांची. वाळून राळ होणारी बिब्ब्याची. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येकीवरचा उपायही वेगळा. पहिलीला पाणी पुरते, दुसरीला आम्ल लागते आणि तिसरीला राळ सैल करणारे द्रावक.

८/
विसाव्या शतकात शाई हा कारखानदारीचा विषय झाला. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला. त्यांची 'हॉर्स ब्रँड' शाई शाळा-कचेऱ्यांत गेली आणि त्याच उद्योगातून पुढे 'कॅमलिन' हे नाव घरोघर पोहोचले. दौत, टाक आणि फाउंटन पेन यांची ती शाई पाण्यावर आधारलेली होती. सदऱ्यावर सांडली तर आईचा ओरडा बसे, पण काच किंवा पत्रा यांवर ती टिकत नसे.

९/
ती उणीव मार्करने भरून काढली. अमेरिकेत सिडनी रोझेन्थाल यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी 'मॅजिक मार्कर' बाजारात आणला. 'शार्पी' आला १९६४ मध्ये. त्यांच्या शाईचे तीन घटक असतात : रंग, राळ आणि झटकन उडून जाणारे द्रावक. द्रावक उडाले की राळ रंगासह पृष्ठभागाला चिकटून राहते. तत्त्व बिब्ब्याचेच, फक्त वाळण्याचा काळ काही सेकंदांवर आला.

१०/
आता दुसरी बाजू, मोटारीच्या रंगाची. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवीत : तेलरंग आणि रोगण यांचे थरावर थर, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. १९२३-२४ मध्ये ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी नायट्रोसेल्युलोजचा 'ड्यूको' रंग आणला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे गॅरेजवाले आणि सुतार आजही 'ड्यूको मारणे' म्हणतात, ते यावरूनच.

११/
महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट आणि पुढची पद्मिनी यांनी मुंबईच्या टॅक्सीला रूप दिले. त्या पिढीतील गाड्या गॅरेजमध्ये पुन्हा रंगवताना नायट्रोसेल्युलोज रंग सर्रास वापरला जाई. त्याचा एक गुण लक्षात ठेवावा : तो वाळला तरी थिनरने पुन्हा विरघळतो. अशा गाडीवरचा मार्कर थिनरने पुसला, तर मार्करसोबत रंगही फडक्यावर येतो.

१२/
आज खेड तालुक्यातील चाकणसारख्या ठिकाणी बनणाऱ्या गाड्यांचा रंग निराळा असतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. भट्टीत तापवल्यावर या थरातील रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंततात. म्हणून तो सहजी विरघळत नाही. पण त्याची जाडी असते साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. तीव्र द्रावकाने तो फुगतो आणि त्याची चमक जाते. खरवडला तर परत येत नाही.

१३/
यावरून रीत ठरते. प्रथम गाडी पाण्याने आणि कार शाम्पूने धुवावी. धूळ राहिली तर फडके सँडपेपर होते. पत्रा सावलीत, थंड असावा. मग दाराच्या आतील कडेवर, जिथे नजर जात नाही तिथे, द्रावकाची परीक्षा घ्यावी. पांढऱ्या फडक्यावर गाडीचा रंग आला तर तिथेच थांबावे. ती जुन्या पद्धतीचा रंग असलेली गाडी आहे. ती जाणत्या रंगाऱ्याकडे न्यावी.

१४/
रंग आला नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तितकेच पाणी मिसळून मऊ मायक्रोफायबर फडक्याचा कोपरा ओला करावा. रेघेवर हलके टेकवावा, काही क्षण थांबावे आणि उचलून घ्यावा. दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू वापरावी, नाहीतर सुटलेली शाई आजूबाजूला पसरते. मग पाण्याने पुसावे. तरीही पुसट छाया राहिली, तर ती पारदर्शक थरात शिरली आहे असे समजावे. तिथे बारीक पॉलिश कामी येते, पण दर पॉलिशने थर किंचित झिजतो. शेवटी त्या जागी मेण लावावे. अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, ब्रेक ऑइल आणि भांडी घासण्याची घासणी यांना हात लावू नये.

१५/
"हा इतिहासाचा धागा आहे ना?" असे कोणी म्हणेल. तर चला अजिंठ्याला. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील अधिकारी जॉन स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने तिथल्या खांबावरील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा मातीचा ढीग साचलेला होता. त्यावर उभे राहून कोरल्यामुळे ते नाव आज माणसाच्या उंचीच्या वर दिसते. अजिंठा जगापुढे आला त्या दिवसाची हीच पहिली खूण, आणि हीच पहिली इजाही.

१६/
त्याहून व्यापक इजा मात्र चांगल्या हेतूने झाली. एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या नकला करताना ती उठून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण चढवले गेले. पुढे १९२०-२२ मध्ये हैदराबाद संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ऑर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. निखळणारे रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी लाखेचे रोगण वापरले. तेव्हा ती पद्धत मान्य होती. वर्षे गेली तशी लाख पिवळी पडली, तिच्यावर धूळ आणि काजळी साचली आणि चित्रे तपकिरी पडद्याआड गेली.

१७/
नवी लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. जुनी झालेली लाख हट्टी होते. तिच्याखाली आहेत कोरड्या गिलाव्यावर काढलेली चित्रे, ज्यांचा रंग पाण्यानेही सुटू शकतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची रसायन शाखा १९१७ मध्ये सुरू झाली. तिच्या रसायनज्ञांना पुढे अजिंठ्यावर दशकानुदशके हेच काम करावे लागले : इंचाइंचाने द्रावक लावायचे, लाख सैल करायची आणि रंग हलण्यापूर्वी थांबायचे. मोटारीच्या दाराच्या कडेवर आपण घेतो ती परीक्षा याच शिस्तीची धाकटी बहीण आहे.

१८/
आता परत आपल्या भागात. जुन्नर परिसरात लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी येथे लेण्यांचे समूह आहेत. मानमोडीवर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. शिवनेरी आणि मानमोडी येथील लेखांत इरिल, चिट आणि चंद या यवन दात्यांची नावे येतात. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि त्यातील अंक भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणले जातात.

१९/
नाणेघाटाच्या त्याच लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पायांच्या अवशेषांपलीकडे काही उरलेले नाही. तिथे सिमुक होता, सातकर्णी होता आणि नागनिका होती, हे आपण सांगू शकतो ते वरच्या नामलेखांमुळे. प्रतिमा गेल्या आणि काही अक्षरांनी त्यांची ओळख राखली. त्या अक्षरांची खोली किती उथळ असते, हे प्रत्यक्ष पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

२०/
अशा भिंतींवर कोणी मार्करने किंवा तेलरंगाने नाव लिहिले, की आपला संताप होतो आणि तारेचा ब्रश किंवा आम्लाची बाटली घेऊन निघावेसे वाटते. इथेच सर्वांत मोठा धोका आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत कॅल्साइट व झिओलाइट ही खनिजे भरलेली असतात. आम्लाने कॅल्साइट विरघळते आणि दगड आतून सच्छिद्र होतो. तारेचा ब्रश शेकडो वर्षांची वरची साय काढून टाकतो. नाव जाते, पण त्या जागी फिकट ओरखडा कायमचा राहतो आणि अक्षर जवळ असेल तर तेही झिजते.

२१/
संवर्धक अशा वेळी लेप वापरतात. कागदाचा लगदा किंवा माती योग्य द्रावकात भिजवून डागावर बसवतात. द्रावक राळ सैल करते आणि लेप वाळताना सुटलेला रंग आपल्याकडे ओढून घेतो. त्यात घासणे जवळजवळ नसतेच. पण कोणते द्रावक, किती वेळ आणि कितीदा, हे दगड तपासूनच ठरते. म्हणून हे काम स्वयंसेवकांचे नाही.

२२/
कायद्याची बाजूही ध्यानात असावी. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारक विद्रूप करणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सफाईचा हेतू कितीही चांगला असला, तरी परवानगीविना संरक्षित भिंतीवर रसायन ओतणेही याच कक्षेत येऊ शकते.

२३/
तेव्हा दुर्गमित्रांनो, पुढच्या मोहिमेत भिंतीवर ताजे नाव दिसले तर काय करावे? मोजपट्टी शेजारी धरून स्वच्छ छायाचित्र घ्यावे. जागा, तारीख आणि शाईचा प्रकार नोंदवावा. मग पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे. मार्करची शाई जितकी ताजी, तितकी ती सोपेपणाने निघते. म्हणून कळवण्यात दिरंगाई नको. प्लास्टिक उचलणे, वाटा झाडणे, येणाऱ्यांना लेख वाचून दाखवणे ही कामे मात्र मनसोक्त करावीत.

२४/
आणि घरी मोटारीवर धाकट्याने मार्करने हत्ती काढला असेल, तर १३ आणि १४ क्रमांकाचे भाग पुन्हा वाचावेत. आधी त्या हत्तीचेही एक छायाचित्र काढून ठेवावे.

धागा समाप्त. तुमच्या भागातील लेण्यांवर किंवा गडांवर अशी सफाई झालेली असेल, तर आधीची आणि नंतरची छायाचित्रे खाली जरूर जोडा.